काका, बॉल नसलेल्या पोराकडे बघायला शिकवलंत त्याबद्दल

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय कारण घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, आधी चहा टाक" म्हणून विषयच बदलता, आणि दुसरं म्हणजे इथं ओहायोतल्या कोलंबसमधल्या आपल्या लोकांची बरीच पोरं आता हायस्कूलला अमेरिकन फुटबॉल खेळायला लागलीत, त्यांच्या आईबापांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मी कोल्हापूरची. माझ्यासाठी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तालमींच्या मॅचेस, आणि हरल्यावर दोन दिवस धड न जेवणारे आमचे अण्णा. इथला अंड्यासारखा बॉल आणि दर पाच सेकंदाला थांबणारा खेळ मला कधी आपला वाटलाच नाही, त्यामुळे लेक नववीत "मी रनिंग बॅक होणार" म्हणाला तेव्हा मला एवढंच कळलं की बॉल घेऊन पळायचं असतं, आणि पळायला तर तो मामावर गेलाय, मग काय, खेळू दे म्हटलं.

२०२४चा सीझन सुरू झाला तेव्हा तो अकरावीत. डेप्थ चार्टवर, म्हणजे कोण आधी खेळणार त्या यादीत, एक पोरगा त्याच्या वर होताच, आणि जुलैमध्ये दुसऱ्या शाळेतून अजून एक आला आणि थेट दोन नंबरवर जाऊन बसला. आमचा तिसरा. पहिल्या तीन मॅच मिळून त्याला चार कॅरी मिळाल्या, म्हणजे चारदा बॉल घेऊन पळायला मिळालं, आणि त्या चारातल्या तीन कॅरी मॅचचा निकाल ठरून गेल्यावरच्या. घरी येऊन तो काही बोलायचा नाही, हेल्मेट गॅरेजमध्ये ठेवायचा आणि वर निघून जायचा, आणि त्याचं ते न बोलणं मला सहन होत नव्हतं काका. मी कोचला दीड पानाची मेल लिहून ठेवली होती, दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टमधली घरांची भाडी पण बघायला लागले होते, नवऱ्याला माहीत नव्हतं.

मग मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद वाटता वाटता मी तुमच्यासमोर भडाभडा सगळं बोलून गेले, तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि फक्त विचारलंत, "मेल पाठवलीस का?" नाही म्हटल्यावर, "पाठवू नको. पुढच्या शनिवारी त्याला माझ्याबरोबर दे."

२१ सप्टेंबरला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या मार्शलविरुद्धच्या मॅचला तुम्ही त्याला ओहायो स्टेडियमला नेलंत. काकू गेल्यापासून त्यांची सीट तुम्ही कुणाला दिली नव्हती हे मला नंतर कळलं, तिथं त्याला बसवलंत. त्याला तोवर तिथं टचडाऊन सोडून काही बघायचं असतं हे माहीत नव्हतं. ओहायो स्टेटचा रनिंग बॅक क्विनशॉन जडकिन्स ८६ यार्ड पळाला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आमचा पण, आणि तुम्ही त्याला म्हणालात की आता पुढची पास प्ले, म्हणजे बॉल फेकायचा डाव, आली की बॉलकडे बघू नको, बॅक काय करतो ते बघ, मग मला सांग. पुढचा दीड तास त्याचं तेच चाललं. घरी आला तो पहिल्यांदा बोलत बोलत आला! त्यांचा दुसरा बॅक ट्रेव्हियॉन हेंडरसन ब्लिट्झ कसा उचलतो, म्हणजे समोरचा एखादा जास्तीचा माणूस बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर सुटतो तेव्हा हा मध्ये पडून त्याला कसा अडवतो, किती खाली वाकतो, पाय कसे ठेवतो, मी पोळ्या लाटत होते आणि तो ओट्यापाशी उभा राहून करून दाखवत होता.

मला मात्र समजायला पाडवा उजाडला. २ नोव्हेंबर, दुपारी पेन स्टेटची मॅच तुमच्या बेसमेंटमध्ये, आम्ही फराळ घेऊन आलो होतो, आणि तुम्ही माझी सगळी मांडणी मोडलीत. पाच शंकरपाळ्या ओळीत लावल्या, ही आपली समोरच्यांना अडवणारी लाइन. मागे बेसनाचा लाडू, हा क्वार्टरबॅक. लाडवाशेजारी एक करंजी, हा तुझा लेक. समोर चकल्या, ही दुसरी टीम. मग एक चकली शंकरपाळ्यांच्या फटीतून पुढे सरकवलीत आणि त्याला विचारलंत कुणाला उचलशील, तो लगेच बोट दाखवून मोकळा, मग दोन चकल्या दोन बाजूंनी, आता? तो गप्प. "आतला आधी. लाडवाला जवळचा रस्ता तोच." मी बघत बसले होते. माझ्या पोराला बॉल का मिळत नाही हे मला इतके दिवस कोचचं राजकारण वाटत होतं, आणि इथं माझ्यासमोर स्पष्ट दिसत होतं की त्याला हे येतच नव्हतं, आणि ज्या पोराला लाडू वाचवता येत नाही त्याला कुठला कोच पासच्या वेळी मैदानात ठेवेल?

त्या दिवशी मॅचच्या शेवटी पेन स्टेटला गोल लाइनजवळ अडवल्यानंतर ओहायो स्टेटनं पाच मिनिटांहून जास्त वेळ बॉल हातचा जाऊच दिला नाही, नुसतं पळत पळत घड्याळ संपवलं, २०-१३. जडकिन्स बॉल घेऊन आत घुसतोय, दोन-तीन यार्ड, परत घुसतोय. मी तुम्हाला विचारलं होतं की हा एकटाच इतका दणकट असेल तर दुसरा ठेवायचा कशाला. तुम्ही जे उत्तर दिलंत ते मी नंतर वहीत लिहून ठेवलं. जडकिन्स आधी मिसिसिपीच्या ओल मिस युनिव्हर्सिटीत दोन वर्षं होता, दोन्ही वर्षं २७०च्या वर कॅरी. हेंडरसन इथं २०२१ला आल्या आल्या १२४८ यार्ड पळाला आणि पुढच्या वर्षी पायाच्या दुखापतीनं अर्धा सीझन गेला. बॅकच्या अंगावर दर कॅरीला कुणी ना कुणी आदळतंच, शरीर ते सगळं मोजून ठेवतं. दोघांत वाटून घेतलं तर दोघं जानेवारीपर्यंत टिकतील असं तुम्ही नोव्हेंबरमध्ये म्हणाला होतात. प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी, त्याच वर्षी १२ टीमची झाली होती, त्यामुळे सीझन लांबणार हे तुम्हाला दिसत होतं. पुढे खरंच १६ मॅच झाल्या. जडकिन्स १९४ कॅरीत १०६० यार्ड, हेंडरसन १४४ कॅरीत १०१६, म्हणजे दर कॅरीला ७ यार्डांच्या वर. एकाच टीममधले दोघं हजारपार. कुणाचं कमी झालं सांगा.

आणि जे निघून गेले त्यांच्याबद्दल तुम्ही वाईट बोलला नाहीत हे मला फार आवडलं. त्या सीझनआधी ओहायो स्टेटचे दोन बॅक सोडून गेले, चिप ट्रेनम केंटकीला आणि डॅलन हेडन कोलोरॅडोला. मी पटकन म्हणून गेले होते, पळून गेले म्हणजे. आमच्याकडे खेळाडूनं तालीम बदलली की पेठेत आठवडाभर तेच बोलणं असतं ना, तेच माझ्या तोंडातून आलं. तुम्ही मला थांबवलंत. एक बॉल, कॉलेजची चारच वर्षं, आणि खोलीत, म्हणजे टीमच्या बॅकच्या गटात, पाच-सहा जण, त्यात एखाद्यानं हिशोब करून दुसरीकडे जायचं ठरवलं तर त्यात भित्रेपणा कसला? पूर्वी बदली घेतली की बहुतेकांना एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, २०२१पासून पहिल्या बदलीला ती अट राहिली नाही, त्यामुळे पोरं जास्त फिरतात इतकंच. जडकिन्स पण असाच आलेला की, तोही कुणाच्या तरी कॅरी घेऊनच. "जाणारा चुकला नाही आणि थांबणारा शहाणा नाही, ज्याचं त्यानं आपल्या खेळावरनं ठरवावं, आईच्या रागावरनं नको," असं तुम्ही म्हणालात, आणि मी तुमच्याकडे न बघता चकल्या डब्यात भरायला लागले. भाड्याच्या घरांचं तुम्हाला कसं कळलं होतं देव जाणे.

तुमच्याकडून ऐकलेल्या गोष्टी लेकाला पाठ आहेत. तुम्ही १९७४ला एक सुटकेस घेऊन इथं आलात तेव्हा ओहायो स्टेटचा बॅक आर्ची ग्रिफिनचं तिसरं वर्ष होतं, त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी त्याला हाइजमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, मिळाली, दोनदा मिळालेला आजतागायत तो एकटाच. पण तुम्ही सांगता ती गोष्ट १९७२ची. पहिल्या वर्षाच्या पोरांना खेळायची परवानगी नुकतीच मिळालेली, आर्चीला पहिल्या मॅचमध्ये एकदा बॉल मिळाला आणि तो हातातून सुटला, वुडी हेजसारखा कडक कोच, संपलं की सगळं असं कुणालाही वाटलं असतं, आणि पुढच्याच मॅचला नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध बेंचवरनं उठून २३९ यार्ड, तेव्हाचा शाळेचा रेकॉर्ड. तसंच ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स, दोन वर्षं थर्मन थॉमसच्या मागं, आणि १९८८ला टीम त्याच्या हातात आल्यावर ११ मॅचमध्ये २६२८ यार्ड.

पण तुम्ही त्याला नुसत्या गोड गोष्टी सांगितल्या नाहीत, हे मी मुद्दाम लिहितेय. २०२५ला त्यानं तुम्हाला विचारलं होतं की ओहायो स्टेटचा जेम्स पीपल्स वर्षभर जडकिन्स आणि हेंडरसनच्या मागं थांबला, मग आता त्याचीच पाळी ना? आणि त्या सीझनला पहिल्या वर्षाचा बो जॅक्सन पुढे निघून गेला. तुम्ही तेव्हा सरळ सांगितलंत, थांबलं की मिळतंच असं नाही बाळा. त्याला खोटी आशा लावली नाहीत. मी आई आहे, मला ते जमलं नसतं, मी "मिळेल रे तुला" म्हणून मोकळी झाले असते, आणि तो ते धरून बसला असता.

त्याआधीचं, २०२४च्या नोव्हेंबरातलं पण आठवतं. मिशिगनकडून १३-१० हरलो त्या दिवशी तुम्ही टीव्ही बंद करून तसेच बसून राहिलात, दोन्ही बॅक मिळून ६७ यार्ड. तेव्हा मला आमचे अण्णा आठवले आणि मी काही न बोलता तुमच्यासमोर ताक आणून ठेवलं. आणि मग जानेवारी! प्लेऑफमध्ये टेक्ससनं हाफटाइमच्या तोंडावर बरोबरी केली आणि लगेच पुढच्याच प्लेला हेंडरसन एक छोटा स्क्रीन पास घेऊन ७५ यार्ड, तुम्ही गुडघ्याचं ऑपरेशन विसरून उभे राहिला होतात. दहा दिवसांनी अटलांटाला फायनल, नोटर डेम, ३४-२३, जडकिन्सचे तीन टचडाऊन. एप्रिलमध्ये ड्राफ्टला, म्हणजे NFLच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, जडकिन्स ३६वा, हेंडरसन ३८वा, मध्ये एकच नाव. मी तुम्हाला ऑफिसच्या पार्किंगमधून फोन केला, आठवतंय? मी! जिला वर्षापूर्वी थर्ड डाऊन म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा, हे पण माहीत नव्हतं.

आता आमच्या घरचं. बारावीत पण तो पहिला नंबर झाला नाही. जुलैमध्ये आलेला तो पोरगा खरोखर त्याच्यापेक्षा चांगला पळतो, हे आता मी न दुखता लिहू शकते, आणि ते दोघं एकमेकांच्या घरी जेवतात. पण थर्ड डाऊनला, पासची वेळ आली की, कोच माझ्या पोराचं नाव घ्यायला लागले. त्या खोलीतलं एवढं एक काम त्याचं झालं. ती मेल मी अजून पुसलेली नाही, पाठवलेली पण नाही.

ऑक्टोबरमधला तो शुक्रवार मी विसरणार नाही. तुम्ही थंडीत मफलर गुंडाळून आमच्या शेजारी बसला होतात. थर्ड अँड इलेव्हन, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि अजून अकरा यार्ड बाकी. समोरच्या टीमचा लाइनबॅकर, म्हणजे लाइनीच्या मागचा बचावपटू, मधून सुटला, आणि आमचा एक पाऊल पुढे टाकून खाली वाकला आणि त्याला छातीवर घेतला, मला तो आवाज वरपर्यंत ऐकू आला. मागून बॉल गेला, लांब, टचडाऊन. सगळं स्टँड त्या टोकाला बॉल झेलून नाचणाऱ्या रिसीव्हरकडे बघून ओरडत होतं, बँड सुरू झाला. फक्त तुम्ही उलट्या दिशेला तोंड करून उभे होतात, काठी वर धरून, आणि मराठीत ओरडत होतात, "उचलला! उचलला रे वाघा!" तो अजून जमिनीवरनं उठत होता. त्यानं हेल्मेट वळवून आधी स्टँडमध्ये तुम्हाला शोधलं काका, मग स्कोअरबोर्डकडे बघितलं.

तुमची,
कोल्हापूरची पोरगी