लीडच्या जाडीबद्दल, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जिन्यात भेटलात तेव्हा आभार मानायला गेलो, तर "असू दे रे" म्हणून तुम्ही विषयच संपवलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. लेथवर लाकडी पेन पेन्सिली (आतली बारीक लीड संपली की नवी घालायची, त्या) करणारे बरेच जण लीडच्या जाडीशीच अडतात, त्यांच्याही कामाला येईल.

मी विचारलं होतं, लीड ०.५ मिमीची ठेवू की ०.७ ची? तुम्ही उलट विचारलंत, "लिहिणार कोण?" जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाकडून मला नुसता आकडा हवा होता, खरं सांगतो.

मग तुम्ही बारीक जाडी मोजायचा व्हर्नियर काढलात. ०.५ च्या डबीतली लीड धरली, तर ०.५६ भरली. ०.७ ची मात्र ०.७० च्या आसपास. डबीवरचे आकडे ढोबळ असतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला तुम्ही हिशेब मांडलात: जाडी सव्वापट, पण वाकवल्यावर न मोडण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिसवीची पेन्सिल, आत पितळी नळी. हात हलका असला तरी तिचं वजन टोकावर येतंच. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या पेन्सिलीत ०.५ टिकते म्हणून इथेही टिकेल असं नाही. शिवाय ड्राफ्टिंगच्या पेन्सिलीसारखं लांब, बारीक तोंड असलं आणि असली जड पेन्सिल टेबलावरून खाली आली, की लीड राहू दे, तोंडच वाकतं.

मग सरसकट ०.९ का नको, याचं उत्तर तुम्ही एकरेघी वहीवर 'राष्ट्र' लिहून दिलंत. बारीक अक्षरात ०.९ ने 'ष्ट्र'चा पार गोळा झाला. रोमन लिपीला चालणारी जाडी आपल्या जोडाक्षरांना चालेलच असं नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकाकडून आधी दोन ओळी लिहून घेतो. टपोरं अक्षर, दाबून लिहायची सवय, तर ०.९ आणि मऊ, गडद उमटणारी बी लीड. बारीक अक्षर, हिशेबाची वही, तर ०.५ आणि बीपेक्षा कडक एचबी, तीही सागासारख्या त्यातल्या त्यात हलक्या लाकडात. बाकी सगळ्यांना ०.७.

२ मिमीच्या क्लचबद्दल (जाड लीड चिमट्यात धरणारी पेन्सिल) मात्र आपलं जमायचं नाही. तुमचा जीव तिच्यावर, कबूल. सुतारकामात खरबरीत फळीवर खूण करायला किंवा स्केचिंगला तिच्यासारखी दुसरी नाही. पण रोज डायरी लिहिणाऱ्याने दर पानाला टोक काढत का बसावं? बारीक लीडला टोक काढावं लागत नाही, हीच तर तिची सोय. १९६० मध्ये पेंटेल या जपानी कंपनीने मातीऐवजी राळेच्या बांधणीची लीड आणली, तेव्हापासून इतकी बारीक लीड रोजच्या वापरात टिकायला लागली, हेही तुम्हीच सांगितलंत आणि वर क्लचचीच बाजू घेतलीत!

तुमची आणखी एक सूचना अमलात आणली आहे. मागच्या टोपीखाली आता जाडीचा आकडा कोरतो. पेन्सिल घेतलेल्या माणसाने वर्षभराने दुकानात जाऊन "त्यातली लीड द्या" म्हटलं, तर दुकानदार तरी काय देणार?

तुमच्यासाठी एक सागाची करतोय. आकडा अजून कोरलेला नाही. २ मिमीच हवी असेल तर रविवारच्या आत सांगा, नंतर भोक मोठं करता येणार नाही.

आपला,
चौथ्या मजल्यावरचा लेथवाला