दुसऱ्या पोर्टचा दिवा लागला, दादा

नांदेडच्या दादांना नमस्कार,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते.

लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत तिन्ही मजल्यांवरची पोरं संध्याकाळी सातला एकदमच लेक्चरचे व्हिडिओ लावतात. उदगीर, निलंग्याहून येऊन खोली करून राहिलेली पोरं. व्हिडिओ अडकला की त्यांचा तास वाया जातो. म्हणून लिनक्स सर्व्हरला दुसरं गिगाबिट नेटवर्क कार्ड लावलं, दोन्हींचा बाँड केला, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच वाट. मोड ८०२.३एडी, स्विचवर एलएसीपी चालू, म्हणजे ही जोडणी दोन्ही टोकांनी आपसात ठरवायची पद्धत. सर्व्हर सांगत होता, दोन्ही लिंक चालू. पण स्विचवर एका पोर्टचा दिवा सारखा थरथरायचा आणि शेजारचा अर्ध्या मिनिटानं एकदा मिचकायचा. केबल बदलली, कार्डही बदललं. चार संध्याकाळी तशाच गेल्या.

तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "सर्व्हरला मजल्यांकडं जायला गेटवे किती?" एकच, मुख्य स्विच; बाहेर जायचं दार तेवढंच. मग तुम्ही मोंढ्यातलं सांगितलंत: काटे दोन आहेत, पण कोणती गाडी कोणत्या काट्यावर हे आडत्यावरून ठरतंय, सगळा माल एकाच आडत्याचा असला तर दुसरा काटा रिकामाच राहणार. बाँडची मूळची वाटणी लेअर २ ची, म्हणजे मॅक पत्त्यावरून, नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून. आमचा प्रत्येक पॅकेट गेटवेच्या एकाच मॅककडं जाणारा. ट्रान्समिट हॅश पॉलिसी, म्हणजे कोणतं पॅकेट कोणत्या कार्डानं जाणार ते ठरवणारा नियम, लेअर ३+४ केली, आयपी पत्ता आणि कनेक्शनच्या पोर्ट क्रमांकावरून (स्विचवरचा पोर्ट नव्हे) वाटणी सुरू झाली, आणि दोन्ही दिवे थरथरायला लागले.

मी राउंड रॉबिन, म्हणजे पॅकेट आळीपाळीनं दोन्ही कार्डांवर, लावायला निघालो होतो. तुम्ही अडवलंत. त्यात एकाच कनेक्शनचे पॅकेट पुढंमागं पोचतात आणि ते क्रमानं लावणारं टीसीपी तेच पुन्हा मागत बसतं. एक गाडी दोन काट्यांवर तोडून मोजत नाहीत, हे तुमचं वाक्य आता मीच पोरांना सांगतो. एका डाउनलोडला एकाच कार्डाचा वेग मिळणार, फायदा गर्दीचा.

फोन ठेवण्याआधी तुम्ही मला चालू व्हिडिओत एक केबल उपटायला लावलीत. लिंक जिवंत आहे का ते तपासणारं एमआयआयमॉन १०० मिलिसेकंदांवर होतं. हात थरथरत होता माझा. मागच्या बाकावरच्या पोरीनं मान वर केली नाही, तिचा व्हिडिओ चालूच होता.

पैसे घेतले नाहीत. मग येळवशीला, वेळा अमावस्येला, आमच्या शेतात या, भज्जी-आंबील खायला. आईनं तुमच्यासाठी उंडे वेगळे काढून ठेवायचं आत्ताच ठरवलंय.