तक्ता वाचता आला, तरी दिसते अर्धेच

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील डोळ्यांच्या तपासणीविषयीचा लेख वाचला. लेख उपयुक्त आहे. मात्र तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की दृष्टी निर्दोष, हे त्यातील विधान मला मान्य नाही. डोळा प्रकाश टिपतो, पण दिसण्याचे पुढचे काम डोक्याच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्रात होते. प्रत्येक डोळ्याच्या नसेतील सुमारे निम्मे तंतू वाटेत बाजू बदलत असल्याने समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूकडे जातो. म्हणूनच पक्षाघाताने उजवे दृष्टिकेंद्र निकामी झाले, तर दोन्ही डोळ्यांना डावीकडचे दिसेनासे होते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच घडले. दाराच्या चौकटीवर त्यांचा डावा खांदा आदळे, वाचताना ओळीची सुरुवात सुटे, आणि ‘डावा डोळा गेला’ असे ते सांगत. तक्ता मात्र मान वळवून ते शेवटपर्यंत वाचत, त्यामुळे दोनदा नुसता चष्मा बदलला गेला. डावा डोळा धडधाकट होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, वेदनारहित असून ती थोड्या वेळात होते. पक्षाघातानंतर प्रत्येक रुग्णाची, विशेषतः त्याला वाहन चालवण्याची परवानगी देण्यापूर्वी, ती व्हायला हवी. आपण यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

– एक वाचक