हॉकी कार्डांच्या व्यवहाराविषयी

लंडन, ओंटारियो

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. नोकरी, जेवण आणि थंडीचे कपडे यांविषयी फोनवर बोलणे झालेच आहे. माझा कार्डांचा जोडधंदा म्हणजे जुगारच नाही का, हा बाबांनी विचारलेला प्रश्न मात्र मनात राहिला, म्हणून सविस्तर लिहितो: खेळाडूंच्या चित्रांची कार्डे घेणे-विकणे हा जुगार नव्हे.

आधी इथली एक रीत सांगतो, कारण ती कळल्याशिवाय बाकीचे पटणार नाही. आइस हॉकीपटूंची पुठ्ठ्याची कार्डे पूर्वी मुलांच्या च्युइंगगमच्या पाकिटातून निघत. ती काढणाऱ्या ओ-पी-ची कंपनीचा कारखाना याच गावात होता. तीच कार्डे आता मोठी माणसे कॅलिफोर्नियातील पीएसए या कंपनीकडे पाठवतात आणि तपासणीसाठी वर शुल्कही भरतात. चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्या आहेत का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, हे बारकाईने पाहून तिथले तपासनीस एक ते दहा यांपैकी एक दर्जा देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. पुढे त्याला कुणी हात लावत नाही. १९७९ सालच्या वेन ग्रेट्स्कीच्या कार्डाची किनार निळी आहे, त्यामुळे जरासे खरचटले तरी पांढरे दिसते. कारखान्यात कार्डे तारेने कापत असल्याने कडाही खडबडीत असत. असे कार्ड निर्दोष सापडणे कठीण, म्हणूनच दहाचा दर्जा मिळालेल्या त्या कार्डाला डिसेंबर २०२० मध्ये १२ लाख ९० हजार डॉलर आणि मे २०२१ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर मिळाले. बाबा, आपल्या कोल्हापूरच्या गूळ सौद्यात रव्याचा रंग आणि कण पाहिल्याशिवाय कुणी बोली लावतो का? तसेच हे आहे.

जुगार म्हणावा असा भाग एकच, तो म्हणजे अपर डेक या कार्डे काढणाऱ्या कंपनीची बंद पाकिटे ‘यंग गन्स’ मालिकेतील नवोदित खेळाडूच्या कार्डाच्या आशेने फोडत राहणे. त्याच्या वाटेला मी जात नाही. समोर दिसणारे सुटे कार्डच घेतो, आणि तेही मालक मागतो तो भाव बाजूला ठेवून, तशाच दर्जाचे कार्ड अलीकडे प्रत्यक्ष कितीला विकले गेले ते पाहून. १९९० च्या सुमाराची कार्डे एवढी छापली गेली की आज बहुतेकांना गिऱ्हाईक नाही. वडिलांच्या तळघरातील खोके आशेने घेऊन येणाऱ्या माणसाला हे सांगताना वाईट वाटते, पण मी स्पष्ट सांगतो. या व्यवहारात माणसे माझ्याकडे परत येतात ती त्यामुळेच, असे मला मनापासून वाटते.

पगारातून घरी येणाऱ्या रकमेला मी हात लावलेला नाही. कॉनर मॅकडेव्हिडच्या कार्डाचे पैसे आले आहेत, ते बाबांच्या मोतीबिंदूसाठी वेगळे ठेवले असून याच आठवड्यात दादाच्या खात्यावर पाठवतो. शस्त्रक्रियेच्या वेळी मला तिथे असता येणार नाही, यावर आई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते. दादा आणि वहिनी सोबत आहेत, तेव्हा तारीख आता पुढे ढकलू नका.

सांगलीच्या स्थळाला होकार कळवण्यापूर्वी माझा हा जोडधंदा त्यांच्या कानावर घाला. खरेदी-विक्रीची वही मी ठेवतो. मुलीने विचारल्यास तिला ती पूर्ण दाखवीन.

आपला,
सुहास