नाताळला नाही, रथसप्तमीला येते

रोम, ५ डिसेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न.

परवा फोनवर आई एकदम गप्प झाली आणि बाबा, तुम्ही ‘बरं, बघ तुझं’ म्हणून फोन ठेवलात. तुमचं ते ‘बघ तुझं’ मला चांगलं माहीत आहे. मी सायन्स सोडलं तेव्हाही तेच होतं. म्हणून आज लिहायला बसले. फोनवर मी घाईने बोलते आणि नेमकं सांगायचं ते राहून जातं.

घरी यायचं २० तारखेचं तिकीट मी रद्द केलं. आधी रद्द केलं आणि मग तुम्हाला सांगितलं, हे माझं चुकलं. पण आधी विचारलं असतं तर तुम्ही ‘ये’ म्हणाला असता आणि मी निघून आले असते.

कारणं मी सांगितलीच आहेत. प्रबंधाचं तिसरं प्रकरण जानेवारीअखेर द्यायचं आहे. डिसेंबरात विमानाचे दर दुप्पट होतात. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दादा घरी आहे, पहिल्या डोळ्याच्या वेळीही सगळं त्यानेच निभावलं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण यातल्या एकाही कारणासाठी मी थांबले नसते, हेही तितकंच खरं.

खालच्या मजल्यावरची आजी (इथे नोन्ना म्हणतात) ऑक्टोबरात न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ८१ वर्षांची आहे. आता काठी धरून खोलीतल्या खोलीत चालते. मुलगा दूर देशात, त्याला या नाताळात येणं जमत नाही. मला इथे आल्या आल्या ताप भरला होता ना, तेव्हा दहा दिवस सूप घेऊन जिना चढून वर येत होती ती हीच. मी तुम्हाला तेव्हा ‘थोडी सर्दी आहे’ एवढंच सांगितलं होतं. मुलगा येत नाही म्हणाली तेव्हा मला त्याचा फार राग आला. मग रात्री झोप लागली नाही. कशामुळे, ते तुम्हाला सांगायला नको.

आई, तू म्हणालीस, ‘त्यांच्या नाताळासाठी आपली संक्रांत सोडतेस.’ ते मनाला लागलं. तू रागाने नाही बोललीस, मला ठाऊक आहे. पण ‘त्यांचा’ आणि ‘आपला’ एवढा वेगळा नाही गं. गेली दोन वर्षं मी इथे हेच तर वाचते आहे.

‘नाताळ’ हा शब्दच बघ. आपल्याकडे तो पोर्तुगिजांकडून आला, पोर्तुगीज ‘नाताल’ आला लॅटिनमधल्या ‘नातालिस’वरून. नातालिस म्हणजे जन्मदिवस. इसवी सन ३५४ सालचं रोमचं एक ग्रंथाएवढं कॅलेंडर आहे. फिलोकालुस नावाच्या सुलेखनकाराने वालेंटिनुस नावाच्या एका श्रीमंत ख्रिस्ती माणसाला ते भेट म्हणून करून दिलं. मूळ प्रत हरवली, शेकडो वर्षांनी केलेल्या नकला तेवढ्या उरल्या, त्यावरच माझं प्रकरण आहे. त्यात २५ डिसेंबरपुढे इतकंच लिहिलंय: ‘अजिंक्याचा जन्मदिवस, ३० शर्यती’. अजिंक्य म्हणजे सूर्य आणि शर्यती म्हणजे रथांच्या. सूर्याचा जन्मदिवस आणि त्या दिवशी रथ! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ग्रंथालयात बसल्या जागी आपलं अंगण दिसलं. पाटावर तू काढलेला सात घोड्यांचा रथ, गोवऱ्यांवर बोळक्यात उतू जाणारं दूध, आणि ‘पूर्वेकडे उतू गेलं का बघ’ म्हणून तुझी चाललेली घाई.

त्याच ग्रंथात पुढे हुतात्म्यांची एक यादी आहे, ती साधारण ३३६ सालची. तिच्या सुरुवातीलाच, त्याच तारखेला लिहिलंय की ख्रिस्त यहुदियातल्या बेथलेहेमला जन्मला. बाबांचं कालनिर्णय आठवतं ना, एकादशी, ईद, नाताळ सगळं एकाच पानावर, आणि वर बाबांच्या लाल पेन्सिलीने ‘गॅस लावला’. तसंच हे. सूर्याच्या शर्यती आणि ख्रिस्ताचा जन्म एकाच ग्रंथात, आणि तो ग्रंथ एका ख्रिस्ती घरात.

बाबा, तुमचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: ‘म्हणजे चर्चने सूर्याची तारीख उचलली?’ तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि जे म्हणतात त्यांच्याशी माझं पटत नाही. त्या काळच्या काही ख्रिस्ती विद्वानांचा हिशेब वेगळा होता. ख्रिस्ताचा गर्भ २५ मार्चला राहिला, त्याच तारखेला पुढे त्याचा मृत्यू झाला, आणि गर्भापासून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर. संत ऑगस्टीनने हे लिहून ठेवलंय. मला वाटतं दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते आणि लोक दोन्हीत हात धूत होते. पाचव्या शतकात पोप लिओ पहिला प्रवचनात चिडून सांगतो की संत पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढून गेल्यावर माणसं मागे वळतात आणि उगवत्या सूर्यापुढे मान लववतात. आई, तू देवळाच्या शेवटच्या पायरीवर नेमकी हेच करतेस. मी लहानपणी तुझा पदर धरून तुझ्याबरोबर वळायचे. आता इथे त्या पायऱ्यांशी गेले की वळल्याशिवाय राहवत नाही.

आणि बाबा, २५ तारीखच का, हे तर तुम्हीच मला शिकवलंय. रोमन लोक २५ डिसेंबर हाच सर्वांत लहान दिवस मानत. फिलोकालुसच्या काळापर्यंत खरा लहान दिवस काही दिवस मागे सरकला होता, कारण त्यांचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. तारीख मात्र जागची हलली नाही. आपलं उत्तरायणही खरं २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं आणि संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. आपलं कारण निराळं, पृथ्वीच्या आसाचं डुलणं. तुम्ही ओसरीवर भोवरा फिरवून, तो डुलायला लागला की ‘हे बघ, हे अयनचलन’ म्हणायचात. मी चौथीत होते. मला काही कळलं नव्हतं, फक्त तो भोवरा पुन्हा फिरवा असं वाटत होतं. आज माझ्या मार्गदर्शक बाईंना मी तोच भोवरा समजावून सांगितला.

अजून एक सांगते. मी रोज जिथून जाते तिथे सॅटर्न या रोमन देवाच्या देवळाचे आठ खांब उभे आहेत. त्याचा सण १७ डिसेंबरला सुरू होई, सॅटर्नालिया. देवाच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोरीने बांधलेले असत, ते त्या दिवशी सोडत. शाळा बंद, कचेऱ्या बंद. गुलामांना मालकांबरोबर पंगतीला बसवत, काही घरांत त्यांना आधी वाढत आणि मालक मागून जेवत. एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या द्यायचे. मला आपला पोळाच आठवतो, वर्षभर राबणाऱ्याला त्या दिवशी पुरणपोळी. फरक एवढाच, की तिथे राबणारी माणसं होती, आणि आठवडा संपला की पुन्हा गुलामच. ते वाचताना सणाचं कौतुक करवत नाही.

नोन्नाकडे मातीच्या बाहुल्यांची पेटी आहे. गोठा, मेंढपाळ, गाय, गाढव, मध्ये बाळ. बाळ चोवीसच्या रात्रीच ठेवायचं, तोवर गव्हाण रिकामी. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात असा देखावा पहिल्यांदा उभा केला असं इथे सांगतात. त्या रोमन बाहुल्यांशी याचं नातं कुणी सिद्ध केलेलं नाही, मीही करणार नाही. पण तिला वाकता येत नाही, म्हणून या वर्षी मांडायचं काम माझ्याकडे आहे. तुझ्या गौरी मांडायला मी नव्हते, आई, ते विसरलेले नाही.

माझ्या जेवणाची काळजी करू नका. चोवीसच्या रात्री त्यांच्यात मांस नसतं, मासे असतात, आणि माझ्यासाठी फ्लॉवर-ब्रोकोली पिठात बुडवून तळणार आहोत. म्हणजे आपली भजीच. खोली गरम असते, आत्याने दिलेली शालही आहे. कुणी मला चर्चमध्ये चल म्हणत नाही. नोन्नाला रात्रीच्या प्रार्थनेला जायचं असेल तर मी हात धरून नेईन आणि शेजारी बसेन, एवढंच. मनात जे म्हणायचं ते मी शुभंकरोतीच म्हणते.

आता नीट ऐका. बाबा, ऑपरेशननंतर डोळ्यावर पाणी घ्यायचं नाही, खाली वाकून नळ बघायचा नाही, आणि स्कूटरची किल्ली दादाकडे द्यायची. टाकी भरली का ते बघायला गच्चीवर जायचं नाही. आई, साखर वाढलेली असताना संकष्टीचा उपास बंद, गणपती रागवत नाही. आणि न्हाणीघरात रबरी पायपुसणं घाल, आजच घाल. नोन्नाच्या न्हाणीघरात नव्हतं.

रथसप्तमी यंदा फेब्रुवारीत आहे. आदल्या दिवशी सकाळी मिरज स्टेशनवर उतरेन, तीन आठवडे राहणार आहे. बाबा, तोवर डोळा बरा होईल, तेव्हा लाल पेन्सिलीने खूण तुम्हीच करा. आई, तिळगूळ ठेव आणि बोळकं माळ्यावरून काढायला तू चढू नकोस. मी आल्यावर काढीन.

तुमची,
छकुली

ता. क. डोळ्यात थेंब दिवसातून किती वेळा, ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाचा फोटो दादाला पाठवायला सांगा. मी इथून वेळेवर फोन करीन.