‘सोबत कोण आलंय?’

मोतीबिंदूच्या तपासणीला गेल्या आठवड्यात एकटीच गेले. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब डोळ्यांत घातले की काही तास जवळचे अक्षर पुसट दिसते, उजेड सहन होत नाही. नेमका तेव्हाच हातात फॉर्म आला. ‘वाचून सही करा.’ घाबरतच केली. डॉक्टर भरभर बोलत होते. घरी आल्यावर थेंब दिवसातून चारदा की सहादा, हेच आठवेना. विचारायला दुसरे कोणी ऐकलेलेही नव्हते. मुलगा परदेशात, शेजारीण नोकरीवर.

प्रत्येक खिडकीवर प्रश्न एकच : ‘सोबत कोण आलंय?’ भूल दिल्यावर सोबत हवीच, हे मान्य. पण सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती महत्त्वाची, नातेवाइकाची नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही नातेवाइकाच्या सहीसाठी अडवले जाते आणि माझ्यासारखी माणसे शस्त्रक्रिया पुढे ढकलत दुखणे अंगावर काढतात. निदान औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून द्या. फॉर्म थेंबांच्या आधी वाचू द्या. एकट्या रुग्णाला रिक्षापर्यंत सोडायला एखादा मदतनीस नेमणे मोठ्या रुग्णालयांना जड नाही.

– एक ज्येष्ठ वाचक, पुणे