आत्तीनं डब्याला हात लावला नव्हता

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवीन कथालेखकांसाठी आलेला लेख मी दोनदा वाचला. ओळखीच्या माणसांवर खुशाल लिहा, फक्त नाव, गाव आणि धंदा बदला, मग कुणाला तक्रारीला जागा उरत नाही, असा सल्ला त्यात आहे. दिवाळी अंकांसाठी कथा पाठवायचे हेच दिवस आहेत. हा सल्ला घेऊन कितीतरी जण लिहायला बसले असतील. मीही तोच मानून 2016 साली एक कथा लिहिली होती. पुढं काय झालं ते कळवावं, म्हणून हे पत्र.

मी तासगाव तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवून निवृत्त झाले. कथा माझ्या आत्तीवर होती. तिला लग्नानंतर तीन वर्षांत नवऱ्यानं टाकली. तेव्हापासून ती माझ्या थोरल्या चुलत्यांच्या घरी आहे. आमच्याकडं बेदाण्याच्या शेड झाल्या, तशी ती निवडायला जाऊ लागली. दिवसभर मांडी घालून बेदाण्यातल्या काड्या आणि काळे दाणे वेगळे करायचे. संध्याकाळी घरी आली की तिच्या बोटांना चिकट गोडसर वास यायचा. लहानपणी आम्ही पोरं तिचे हात धरून हुंगायचो. हे सगळं कधीतरी लिहावं, असं मला फार वर्षं वाटत होतं.

लिहिताना मी सगळी काळजी घेतली, निदान तेव्हा मला तसं वाटलं. नाव बदललं. गाव उचलून मिरजेच्या बाजूला नेलं. बेदाण्याच्या जागी हळद घातली. नवऱ्याला मिलिटरीतून काढून ड्रायव्हर केला. एक गोष्ट मात्र बदलावी असं मनातसुद्धा आलं नाही. जेवण झालं की आत्ती घटाघटा पाणी पिते, फुलपात्र पालथं घालते आणि त्यावर तळहात टेकवून क्षणभर गप्प बसते. मग उठते. मी आजवर दुसऱ्या कुणाला असं करताना पाहिलेलं नाही. कथेत ते दोनदा आलं होतं, आणि लिहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं.

अंक गावात आला आणि दोन दिवसांत सगळ्यांनी ओळखलं. शेडमधल्या एका पोरीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. हळद असो नाहीतर बेदाणा, फुलपात्र पालथं घालणारी बाई एकच. माणूस नावानं ओळखला जात नाही, लकबीनं ओळखला जातो. आणि लकबीसाठीच तर आपण त्या माणसावर लिहायला घेतो. ती काढली तर लिहायचं काय? म्हणून नाव बदलून सुटता येतं, हे मला पटत नाही.

पण ओळखलं, एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

कथेला शेवट लागत नव्हता. खऱ्या आयुष्यात आत्तीचा नवरा पुन्हा कधी आला नाही, आणि नुसती वाट पाहणं कथेत किती पानं चालणार? मग मी एक प्रसंग रचला. नवरा दवाखान्यात आहे असा निरोप येतो, आणि ती बाई भावजयीच्या तांदळाच्या डब्यात ठेवलेले दोनशे रुपये कुणाला न सांगता घेते आणि औषधाला पाठवते. त्यात तिची माया दिसते, असं मला वाटत होतं. लिहिताना मी रडले होते. अंकाच्या संपादकांनीही फोन करून त्याच प्रसंगाचं कौतुक केलं.

दिवाळीनंतर भावकीत एक बारसं होतं. आत्ती स्वयंपाकघरात शिरताना एक सून हसत म्हणाली, “डबं झाका गं, आत्ती आल्या.” बायका हसल्या. बोलणारीच्या मनात वाकडं नसेलही. मी तिथं नव्हते, मला हे चुलतबहिणीनं नंतर सांगितलं.

त्या जानेवारीत मी चुलत्यांकडं गेले. काकी बाहेर निवडणं करत बसली होती. आत्ती म्हणाली, च्या ठेवते. उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. आत कुणी नव्हतं. पातेलं पुढ्यातच, साखरेचा डबा फळीवर, हात वर केला की मिळेल असा. तिनं दाराच्या चौकटीला हात लावला आणि काकीला हाक मारली, “वैनी, साखर काढून दे जरा.” चाळीसहून जास्त वर्षं ज्या घरात ती राबली, त्या घरात. काकी “घे की गं, तुला कशाला काढून द्यायची” असं म्हणत राहिली. आत्ती हलली नाही. शेवटी मी उठले आणि डबा काढून दिला.

चहा झाल्यावर तीच बोलली. “नवऱ्यानं टाकली आसं लिवलंस, त्ये खरं हाय. समद्या गावाला ठावं हाय. पर म्या डब्याला हात कवा लावला गं?”

मी म्हटलं, “आत्ती, ती गोष्ट आहे.”

“गोष्ट तुला. मला हितंच ऱ्हायचंय.”

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे आणि तीच मला आपल्या वाचकांना सांगायची आहे. खरं लिहिल्यानं माणूस दुखावतो, हे सगळे सांगतात. रचलेलं त्याहून जास्त दुखवतं, हे कुणी सांगत नाही. खरं असतं ते त्या माणसानं आधीच पचवलेलं असतं, गावानंही पचवलेलं असतं. पण वाचणाऱ्याला खरं कुठं संपलं आणि रचलेलं कुठं सुरू झालं, हे दिसत नाही. फुलपात्र खरं, टाकलेली खरी, मग दोनशे रुपयेही खरेच. मी जितकं हुबेहूब लिहिलं, तितकी ती चोरी तिच्या अंगाला घट्ट चिकटली. अंकाच्या शेवटी “पात्रे व प्रसंग काल्पनिक” अशी ओळ होती. आमच्या शेडमध्ये ती कुणी वाचून दाखवली नाही.

कायद्याचं म्हणाल, तर नाव छापलं नाही तरी ओळख पटत असेल तर अब्रूनुकसानी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात त्याला 2 वर्षांपर्यंत साधी कैद सांगितली आहे. घरच्यांचं मन दुखवायच्या हेतूनं लिहिलं असेल तर गेलेल्या माणसाची अब्रूही त्यात धरली आहे. पण आपल्या आत्त्या आणि मावश्या भाचीवर दावा लावतात का? त्या उंबऱ्यावर थांबतात.

मग लिहायचंच नाही का, असं कुणी विचारेल. मी तसं मुळीच म्हणत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ वाचून मला पहिल्यांदा कळलं, की आपल्या शेजारची माणसंसुद्धा पुस्तकात येऊ शकतात. ते पुस्तक नसतं तर मी पेन हातात धरलं नसतं. आत्तीसारख्या बाईवर कुणी लिहिणार नाही, हेही मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की जिवंत माणसाच्या तोंडी, हाती किंवा माथी आपण जे रचून घालतो, ते छापण्याआधी त्याला वाचून दाखवावं. कागद हातात देऊ नये, पुष्कळांना वाचता येत नाही आणि येत असलं तरी लाजेनं नीट वाचत नाहीत. जवळ बसून मोठ्यानं वाचावं. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी कथा स्वीकारताना लेखकाला एक प्रश्न विचारावा: हे कुणावरून लिहिलंत, आणि त्यांनी ऐकलंय का? मला हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी थांबले असते.

पुढच्या गौरी जेवणाला भावकी जमली, तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, की डब्याचा प्रसंग माझ्या मनचा आहे, आत्तीनं कधी कुणाच्या पैशाला हात लावलेला नाही. बायका “आम्हाला काय ठाऊक न्हाई व्हय” म्हणाल्या. काकीनं डोळे पुसले. आत्ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात एकटी जायला तिला त्यानंतरही दोन वर्षं लागली.

यंदा मी पुन्हा तिच्यावर लिहिलंय. या वेळी बेदाणा बेदाणाच ठेवलाय. गेल्या महिन्यात तिच्या बाजेशी बसून सगळं वाचून दाखवलं, सतरा पानं. तिनं एकदाच थांबवलं. माहेरी परत आली त्या रात्री ती रडली, असं मी लिहिलं होतं.

“म्या रडले न्हवते,” ती म्हणाली. “म्या जेवले. लई भूक लागलीती.”

मी ते वाक्य तिच्यासमोरच खोडलं आणि जेवणाचं लिहिलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. तासगाव, जि. सांगली